कमरेला काय बांधायचे, हे आता आपण ठरवू

जयंतीच्या वर्गणीतून थोडी रक्कम बाजूला काढावी आणि वस्तीतल्या वायरमन, गवंडी, सुतार पोरांना हत्यारे ठेवायचे चांगले पट्टे घेऊन द्यावेत, असा विषय मी मंडळाच्या बैठकीत मांडला तेव्हा आधी सगळे हसले. मग तीन आक्षेप आले. पहिला म्हणजे, हा आंबेडकरी चळवळीचा कार्यक्रम आहे का? दुसरा आमच्या एका ज्येष्ठ काकांचा होता. ते म्हणाले, "ताई, आपले पोट्टे कलेक्टर झाले पायजे, अन् तुमी त्यायले पाने-पक्कडी बांधाले सांगून रायल्या." तिसरा आक्षेप घेणारा स्वतः सेंटरिंगच्या कामावर जाणारा तरुण होता. "द्याचाच असन त दोनशेवाला द्या. हजाराचा पट्टा बांधून आमी का लगनात जाऊन रायलो?"

मित्रांनो, हे तिन्ही आक्षेप मी गंभीरपणे घेते. कारण हे आक्षेप एका बैठकीपुरते नाहीत. आपल्या चळवळीत हाताने काम करणाऱ्या माणसाची जागा कोणती, हा प्रश्न त्यांच्या मुळाशी आहे. टूल बेल्ट ही बाजारातली एक किरकोळ वस्तू. पण ती निवडताना आपण कोणत्या निकषांवर निवडतो, यावरून आपण आपल्या माणसाच्या शरीराची किंमत काय करतो ते कळते.

मी राहते आणि काम करते ते गुरुकुंज मोझरी हे गाव तिवसा तालुक्यात, अमरावती-नागपूर महामार्गावर आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा आश्रम इथला. महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवाला दरवर्षी लाखो लोक येतात आणि सायंकाळी 4 वाजून 58 मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. ग्रामगीतेत श्रमावर स्वतंत्र अध्याय आहे. श्रमाची महती इथल्या लहान पोरालाही सांगावी लागत नाही. पण त्याच महोत्सवाच्या आधी मंडप, दिवे, भोंगे उभारणारी पोरे शिडीवर कशी चढतात, हे कोणी मान वर करून पाहिले आहे का? पक्कड मागच्या खिशात. पेचकस पँटच्या पट्ट्यात खोचलेला. टिकल्या-खिळे तोंडात. काळ्या टेपचे रीळ मनगटात बांगडीसारखे. एक हात शिडीला, दुसऱ्या हाताने खिसा चाचपणे सुरू. मुंबईपासून मोझरीपर्यंत हे दृश्य सारखेच आहे. श्रमाला प्रतिष्ठा द्या म्हणणारे आपल्या महाराष्ट्रात पुष्कळ झाले. श्रमिकाच्या खिशात काय टोचते हे विचारणारे कमी.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या वस्तीतला एक वायरमन मुलगा एका बांधकामावर आठ फुटी शिडीवरून पडला. आठ फूट म्हणजे फार नाही. त्या उंचीवरून पडून माणूस धूळ झटकून उठूही शकतो. पण याच्या मागच्या खिशात पेचकस होता. तो खुब्याच्या मागे घुसला. तीन महिने रोजी बुडाली. ठेकेदार म्हणाला, खिशात पेचकस ठेवायला मी सांगितले होते का? या वाक्यात अख्खी व्यवस्था बसलेली आहे. हत्यार तुझे, खिसा तुझा, शरीर तुझे, म्हणून इजाही तुझीच. काम मात्र माझे.

माझे बाबा गवंडी. चाळीस वर्षे त्यांनी थापी, ओळंबा, गुण्या, हातोडा, सूत हे सगळे युरियाच्या पोत्यापासून शिवलेल्या थैलीत नेले. पाडावर चढताना ती थैली एका खांद्याला. प्रत्येक वेळी हत्यार हवे की कमरेत वाकून थैलीत हात घालायचा. दिवसातून किती वेळा वाकले असतील याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आता त्यांच्या कमरेला पट्टा आहे, पण तो हाडाच्या डॉक्टरने लिहून दिलेला, औषधाच्या दुकानातून आणलेला. म्हणजे माझ्या बापाला आयुष्यातला पहिला पट्टा मिळाला तो काम करताना नाही, काम करून मोडल्यावर. आमच्या वस्तीत असे डॉक्टरी पट्टे घातलेले पाच-सहा म्हातारे तरी सहज सापडतात.

आता पहिल्या आक्षेपाकडे येते. हा आंबेडकरी कार्यक्रम आहे का?

आपल्या समाजाच्या कमरेचा इतिहास पाहा. पेशवाईत पुण्यात अस्पृश्याने गळ्यात मडके आणि कमरेला झाडू बांधून चालावे असा दंडक होता. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून मडके आणि उमटलेले पाऊल पुसले जावे म्हणून झाडू. बाबासाहेबांनी 1936 मध्ये 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये याची नोंद केली आहे. कमरेला बांधलेली ती वस्तू आपली नव्हती. ती आपल्या कामाचीही नव्हती. आपले अस्तित्व पुसण्यासाठी ती आपल्याकडूनच वाहून घेतली जात होती. पुढे सरकारी कचेऱ्या आल्या आणि आपल्यातले काही 'पट्टेवाले' झाले. अंगावर पट्टा आला, रोख पगार आला, पोरे शाळेत गेली; त्या पिढीचे उपकार मोठे आहेत. पण त्या पट्ट्यावरचा बिल्ला साहेबाच्या कचेरीचा होता, आपल्या कसबाचा नव्हता.

याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा. मी ज्या विद्यापीठातून समाजशास्त्रात एम.ए. केले त्याला त्यांचेच नाव आहे. त्यांच्याजवळही मडके होते आणि झाडू होता. गाडगे आणि खराटा. वस्तू त्याच, पण अर्थ उलटा. एका ठिकाणी त्या सक्तीने लादल्या होत्या, दुसऱ्या ठिकाणी एका माणसाने आपल्या विचाराने हाती घेतल्या आणि लोकांच्या घरातली, डोक्यातली घाण काढली. फरक वस्तूत नसतो. ती कोण ठरवतो, यात असतो.

अंगावर काय घालायचे हा राजकीय प्रश्न आहे हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. डिसेंबर 1927 मध्ये महाडला त्यांनी आपल्या आयाबायांना लुगडे नेसण्याच्या पद्धतीबद्दल आणि जात ओळखू येईल अशा जाडजूड दागिन्यांबद्दल सांगितले. सत्याग्रहाच्या धामधुमीत, एवढ्या मोठ्या लढ्याच्या मधोमध, त्यांना लुगड्यावर बोलणे किरकोळ वाटले नाही. मग रोज आठ तास कमरेला लटकणारी वस्तू आपल्याला किरकोळ का वाटावी?

हत्यार कोणी धरायचे हा प्रश्नही त्यांनीच ऐरणीवर आणला. मुंबईच्या कापड गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण विणकराला चालत नसे. चांगली मजुरी त्याच खात्यात होती. 1928 च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. वर्गाची भाषा करणाऱ्यांनाही तेव्हा धोट्यावरची जात दिसत नव्हती. नंतर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी आठ तासांच्या दिवसाचा आग्रह धरला आणि 1946 च्या दुरुस्तीने कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. श्रमिकाच्या शरीराला किती ताण द्यायचा याला कायद्याने मर्यादा असते, हा विचार त्यांनी या देशात रुजवला. चार किलोची हत्यारे शरीराच्या कोणत्या भागावर पेलायची हा त्याच विचाराचा, आपल्या हातात असलेला एक लहान भाग आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. काकांचे म्हणणे मी उडवून लावत नाही. आपली पोरे कलेक्टर झालीच पाहिजेत. हाताच्या कामाचे गोडवे गाऊन आपल्याला तिथेच बसवून ठेवण्याचा डाव जुना आहे. भंगीकामात सेवाभाव शोधणाऱ्या गांधीवादी मांडणीला बाबासाहेबांनी कडाडून विरोध केला तो यासाठीच. जात म्हणजे नुसती कामांची वाटणी नसते, ती काम करणाऱ्या माणसांचीच खालीवर रचलेली वाटणी असते, हे त्यांचे विश्लेषण आपण विसरायचे नाही.

आजच्या योजनांकडेही त्याच नजरेने पाहा. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात 18 व्यवसाय आहेत : सुतार, लोहार, कुंभार, चर्मकार, न्हावी, परीट, शिंपी, राजमिस्त्री वगैरे. अवजारांसाठी 15,000 रुपयांचे ई-व्हाउचर मिळते. पैसे उपयोगाचे आहेत. आपल्या गवंडी भावांनी ते जरूर घ्यावेत. पण या यादीत वायरमन नाही, प्लंबर नाही. योजनेची भाषा आहे गुरु-शिष्य परंपरेची आणि कुटुंबातून चालत आलेल्या कारागिरीची. बापाचे हत्यार पोराच्या हाती द्यायला सरकार पैसे देते. बापाच्या हाती कधीच नसलेले हत्यार जो पोरगा आयटीआयमध्ये दोन वर्षे शिकून उचलतो, तो या यादीबाहेर. आमच्या वस्तीतली बहुतेक पोरे तिथेच उभी आहेत. त्यांच्या आजोबाने कधी टेस्टर पाहिला नव्हता. म्हणूनच मला हे काम महत्त्वाचे वाटते. वायरमनचे कसब कोणत्याही जातीच्या वाट्याला जन्माने आलेले नाही. ते शिकून घेतलेले आहे. 'शिका' या शब्दात तेही येते.

आणि जी पोरे 32 वर्षांपर्यंत अभ्यासिकेत बसून एमपीएससी देतात, मग मुकाट्याने सेंटरिंगला जातात आणि कामावरची थैली घरी येताना दप्तरात लपवतात, त्यांना आपण काय सांगणार? काकांना मी बैठकीत एवढेच विचारले, "काका, कलेक्टर होईपर्यंत त्याची कंबर शाबूत राहिली पाहिजे की नाही?" काका हसले. "हाव, ते त पायजेच," म्हणाले. आक्षेप त्यांनी पूर्ण मागे घेतला असे नाही. पण त्यांनी वर्गणीच्या वहीत सही केली.

तिसरा आक्षेप पैशाचा आणि चांगल्याचा. 'आपल्याला काय, दोनशेवाला चालतो' या वाक्याची मला सगळ्यात जास्त चीड येते. चालतो हे आपल्याला कोणी शिकवले? उतरलेले कपडे चालतात, शिळे चालते, फुटकी कपबशी चालते, ही शिकवण कुठून आली हे या लेखाच्या वाचकाला सांगायला नको. म्हणून आम्ही ठरवले की हत्यार पेलणारी वस्तू विकत घ्यायची तर तपासूनच घ्यायची. अमरावतीच्या बाजारातून दोन नमुने आणले, एक चामड्याचा आणि एक पॉलिस्टरचा. तिसरा नमुना एका बॅग शिवणाऱ्या कारागिराकडून जाड कॅनव्हासचा शिवून घेतला. महिनाभर आळीपाळीने पोरांनी ते कामावर वापरले. शिडीवरून पडलेला तो मुलगा अजून उंचावर चढत नाही, खाली बोर्ड भरण्याचे काम करतो. पण पट्टे तपासायला सगळ्यात काटेकोर तोच निघाला. त्या महिन्यात जे कळले ते लिहिते.

पट्टा पाहण्याआधी हत्यारे तोलावीत. आम्ही किराणा दुकानाच्या काट्यावर तोलली. एका वायरमनची पक्कड, कटर, स्ट्रिपर, तीन पेचकस, टेस्टर, हातोडी, छिन्नी, मोजपट्टी, क्लॅम्प मीटर आणि टेप मिळून चार किलोच्या वर गेले. मग प्रत्येकाने वेगळे काढले, की यातले शिडीवर खरोखर काय लागते. निम्मे खाली राहिले. प्लंबरचा मोठा पाईप पाना कमरेला लावूच नये, तो पिशवीत ठेवावा. चांगला पट्टा म्हणजे जास्त खिसे, हा समज पहिल्याच दिवशी गेला.

वजन पोटावर यायला नको, खुब्याच्या हाडांवर बसायला हवे. दोन इंचांपेक्षा अरुंद पट्टा दुपारपर्यंत मांसात रुततो. मागच्या बाजूला तीन इंच किंवा जास्त रुंदी आणि आत फोमचे अस्तर असावे. आपल्या वऱ्हाडात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, म्हणून फोमवर जाळीचे कापड असलेलेच घ्यावे, नाहीतर घामोळ्यांनी माणूस बेजार होतो. वजन तीन किलोंच्या पुढे जात असेल तर खांद्यावरून जाणारे पट्टे जोडता येतील असा घ्यावा. भार खांदा आणि खुबा दोघांत वाटला जातो. जड हत्यारे एकाच बाजूला नकोत. उजवीकडे हातोडी असेल तर डावीकडे पक्कड-मीटर. आणि मणक्यावर, म्हणजे पाठीच्या अगदी मधोमध, काहीही नको. हा नियम त्या पडलेल्या मुलाने घातला. "मांगं पडलो त काहीच गडलं नाई पायजे," एवढेच तो म्हणाला. मागे मधोमध खिसा असलेला एक देखणा नमुना त्याने दुकानात हातातही घेतला नव्हता.

सगळ्यात उपयोगी कसोटी दुकानाच्या फरशीवर झाली. हत्यारे भरून पट्टा बांधायचा आणि उकिडवे बसायचे. बाजारातले बरेच पट्टे उभ्याने काम करणाऱ्या माणसासाठी बेतलेले दिसतात. आपला माणूस बोर्ड भरताना, फरशी बसवताना तासन्‌तास उकिडवा असतो. खोल खिसे मांडीला टोचतात, हत्यारे उलटून बाहेर पडतात. बसल्यावर ज्यातले काही सांडले नाही तो पट्टा आपल्या कामाचा. नंतर दोनदा उडी मारून पाहायची. दुकानदार हसला तरी हसू द्यावे.

खिशाचे तोंड ताठ हवे, न पाहता हात गेला पाहिजे आणि न पाहता हत्यार परत ठेवता आले पाहिजे. खिशाच्या तळाला दुहेरी कापड किंवा चामड्याचा तुकडा हवा, नाहीतर छिन्नी महिन्याभरात तळ फाडते. कोपऱ्यांवर रिबीट आणि शिवण दुहेरी आहे का ते ओढून पाहावे. स्वस्त पट्टा जवळजवळ नेहमी इथेच उसवतो. वीजकाम करणाऱ्याने उघडे धातूचे हूक, साखळ्या असलेला पट्टा टाळावा. गवंड्याच्या पट्ट्यात सिमेंट बसते, म्हणून रोज धुता येईल असे कापड आणि खिशाच्या तळाला पाणी निथळायला भोक हवे. वेल्डिंग किंवा ग्राइंडरच्या ठिणग्या उडतात तिथे पॉलिस्टर वितळते, तिथे चामडेच बरे.

चामड्यावरून आमच्यात वाद झाला. एक जण म्हणाला, आपण ढोरे ओढणे सोडले, आता कातडे कमरेला बांधायचे का? भावना मला समजते. पण बाबासाहेबांनी सोडायला सांगितले ते जन्माने गळ्यात पडलेले काम. वस्तूला विटाळ मानणे हा तर त्यांचा विचार नव्हे, उलट तो ज्यांच्याविरुद्ध ते लढले त्यांचा विचार आहे. चामड्याचा निर्णय चामड्याच्या गुणदोषांवर व्हावा. ते टिकाऊ आहे, खिळ्यांनी फाटत नाही. पण जड असते, उन्हाळ्यात तापते, घामाने वाळून कडक होते, पावसाळ्यात बुरशी धरते, तेल द्यावे लागते. आमच्या सुताराने चामडे निवडले, वायरमन पोरांनी पॉलिस्टर, गवंड्यांनी कॅनव्हास. प्रत्येकाचे कारण कामाचे होते, जातीचे नव्हते. माझ्या मते त्या महिन्याची खरी कमाई हीच.

एक गोष्ट ठळकपणे सांगते, कारण पोरे इथे गोंधळतात. टूल बेल्ट हा सेफ्टी बेल्ट नाही. त्याला दोर बांधून कधीही लटकायचे नाही. उंचीवर काम असेल तर अंगभर बसणारा हार्नेस वेगळा आणि तो देण्याची जबाबदारी मालक-ठेकेदाराची आहे, वर्गणीची नाही. बांधकाम कामगारांसाठी 1996 मध्ये केंद्राचा कायदा झाला, बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर बसला, त्यातून महाराष्ट्राचे कल्याणकारी मंडळ चालते. वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला आणून नोंदणी केली की सुरक्षा संच आणि इतर योजना मिळतात. आमच्या सातांपैकी तिघांचीच नोंदणी होती. पट्टा हवा असेल तर आधी नोंदणीचा अर्ज, अशी अट मंडळाने घातली. वर्गणीने हक्काची जागा घ्यायची नाही.

सातांमध्ये एक मुलगी आहे. आयटीआय करून इलेक्ट्रिशियन झालेली. बाजारातला लहानात लहान पट्टाही तिला सैल झाला. चौकातल्या चर्मकार काकांनी तीन जादा भोके पाडून, टोक कापून तो बेताचा करून दिला आणि पैसे घ्यायला तयार होईनात. तिने ते हट्टाने दिले. बांधकामावर आपल्या हजारो आयाबाया आहेत आणि त्यांच्यासाठी कोणत्याही दुकानात काहीही नाही. घमेल्याखाली डोक्यावर ठेवायची चुंबळसुद्धा त्या स्वतःच्या फाटक्या लुगड्याची करतात. हा विषय मला पुढच्या वर्षी घ्यायचा आहे.

आता हिशेब. आमचे पॉलिस्टरचे पट्टे साधारण चौदाशेला पडले. दोन वर्षे टिकला आणि वर्षाला अडीचशे दिवस काम धरले तर दिवसाला तीन रुपयेही पडत नाहीत. आपला पोरगा दिवसाला एक खर्रा खातो, त्याच्या पैशात हा पट्टा आठवडाभर चालतो. दोनशेवाला पाऊच आमच्याकडे तीन महिन्यांच्या वर कोणाचा टिकलेला नाही. म्हणजे दोन वर्षांत आठ पाऊच, सोळाशे रुपये, शिवाय दर वेळी खाली पडलेली पक्कड. स्वस्त वस्तू गरिबाला महागच पडते. सातही पट्टे मिळून जेवढे झाले ते एका रात्रीच्या डीजेच्या भाड्याच्या पाव हिश्शातही आले नसतील.

पट्टे आम्ही दान दिलेले नाहीत. निम्मी किंमत प्रत्येकाने पाच हप्त्यांत मंडळाकडे भरायची, त्या पैशांतून पुढच्यांना. चार जणांचे हप्ते वेळेवर येत आहेत, तिघांचे मागे-पुढे होतात. ज्याची वही आहे तो रोज संध्याकाळी त्यांच्या दारात जाऊन बसतो, हेही चळवळीचेच काम आहे.

या पट्ट्याने जात जाणार नाही, हे मला माहीत आहे. वायरमन आज ज्याच्या घरात जातो तिथे देवघरातला प्लगही दुरुस्त करतो, काम झाल्यावर पाणी देताना मात्र हळूच विचारणा होते, "आडनाव काय तुमचं?" एका ठेकेदाराने तर पट्टा बांधून आलेल्या आमच्या पोराला म्हटले, काढ ते, साहेबासारखा दिसतो. त्याने काढला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला कामावर बोलावले नाही. आता तो दुसरीकडे जातो, रोजी पन्नास रुपये कमी आहे. त्याने ते स्वीकारले आहे की नाही, हे मी त्याच्या वतीने सांगू शकत नाही. पण हत्यार नीट ठेवलेला आपला माणूस कोणाला साहेबासारखा दिसतो आणि ते खुपते, यावरून या वस्तूला किती किंमत आहे ते आपण ओळखावे.

तेव्हा पुढच्या बैठकीत आपापल्या मंडळात दोन प्रश्न विचारा. आपल्या वस्तीत हाताने काम करणारे किती जण आहेत आणि ते हत्यारे कशात नेतात? कल्याणकारी मंडळात त्यांपैकी किती जणांची नोंदणी आहे? वहीत नावे लिहा. मग काटा आणा, हत्यारे तोला, आणि पट्टा निवडायचे काम ज्याच्या कमरेला तो बांधायचा आहे त्याच्यावरच सोपवा.

जय भीम!